जड झालेले हात

शास्त्रपाठ : निर्गम 17:8-13, 1 राजे 19:4-8

रफीदीम येथील लढाईची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतील मुलांना ठाऊक असते. मोशेचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई. हात खाली आले की अमालेकाची. पण हात खाली का आले, हे आपण क्वचितच विचारतो. मोशेचा विश्वास कमी झाला नव्हता. त्याचे हात जड झाले होते. अहरोन व हूर यांनी त्याला उपदेश केला नाही. त्यांनी आधी बसावयास धोंडा दिला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले.

कोरोनाच्या साथीतील परिचारिकांकडे आपण याच दृष्टीने पाहू. 10 मार्च 2020 रोजी या रोगाने भारतात पहिला बळी घेतला. तो गृहस्थ आपल्या कलबुर्गीचाच रहिवासी होता. 22 मार्चला देशभर टाळ्या व थाळ्या वाजल्या. पण कोरोना वॉर्डातील सिस्टरने संरक्षक पोशाख एकदा चढवला की पाळी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही, लघवीला जाणे नाही. चष्म्यावर वाफ धरे, दुहेरी हातमोज्यांतून रोग्याची शीर सापडेना. घरी गेल्यावर लेकराला जवळ घेण्याची भीती. देशात कित्येक ठिकाणी घरमालकांनी अशांना खोली सोडावयास सांगितले. आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी 22 एप्रिल 2020 रोजी सरकारला वटहुकूम काढावा लागला. अशा वेळी औषधाची वेळ चुकली किंवा शब्द कठोर गेला, तर "हिच्यात सेवाभाव नाही" असे म्हणणे सोपे असते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्या हिवाळ्यात रात्रंदिवस सेवा होऊनही सैनिक मरतच राहिले. 1855 च्या वसंतात गटारे साफ झाली, खोल्यांत हवा खेळू लागली, तेव्हा कोठे मृत्यू झपाट्याने घटले. नुसती निष्ठा पुरत नाही. तिला धोंड्याचा आधार लागतो. थकलेल्या एलीयालाही देवाने पुढच्या वाटेला लावण्याआधी झोप, भाकर व पाणी दिले.

म्हणून बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद येथील आपल्या मंडळ्यांनी परिचारिकांसाठी प्रार्थना करावीच. पण त्यांच्या घरी डबाही पोचवावा, मुले सांभाळावी, राहावयास खोली द्यावी. आपल्यापैकी जे रुग्णालयाच्या कारभारात आहेत त्यांनी पुरेशी माणसे, विसाव्याची जागा व वेळेवर पगार यांसाठी आग्रह धरावा.

विचारासाठी प्रश्न
1. अहरोन व हूर यांनी धोंडा आधी का दिला?
2. आपल्या मंडळीत कोणाचे हात आज जड झाले आहेत? या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी काय करू?