डोळ्यांची पाहणी

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, डोळ्यापुढें हात हालवून त्याची नजर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों आणि मगच भावाची गोष्ट काढतों. स्वतःच्या डोळ्यांची पाहणी मात्र ते दुखूं लागल्यावांचून करावयाची नाहीं, असा आपल्यांत जणूं दंडकच पडला आहे. हा दंडक घातक होय. दृष्टीचा कायमचा नाश करणारे जे विकार आहेत, त्यांतील कित्येक मुळींच दुखत नाहींत.

आमच्या परिचयाचे एक बागाईतदार आहेत. वय सत्तावन्न, ऊंस व थोडी द्राक्षबाग. दोन वर्षांमागें त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीस वारंवार आदळूं लागला. उजवीकडे ठेवलेला चहाचा पेला हात लागून कलंडे. एकदां ट्रॅक्टरचें चाक बांधावर चढलें. घरचीं माणसें म्हणत, यांचें लक्ष नाहीं. वर्तमानपत्र त्यांस नीट वाचतां येई, म्हणून डोळ्यांचा संशय कोणासच आला नाहीं. पुढें उजव्या डोळ्यानें अंधुक दिसूं लागलें तेव्हां, 'मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढूं' असें म्हणून त्यांनीं आणखी एक हंगाम घालविला. तपासणींत निघाला काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजर बहुतेक गेली होती. ती परत आली नाहीं व येणारही नाहीं. डावा डोळा रोज औषधाचे थेंब घालून राखला आहे.

काचबिंदू म्हणजे काय, हें शेतकऱ्यास समजणें अवघड नाहीं. डोळ्याच्या पुढील भागांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो व बुबुळाच्या कडेस असलेल्या बारीक जाळींतून निचरून जातो. भरणें चालू राहून निचरा तुंबला म्हणजे आंतील दाब वाढतो, आणि त्या दाबाखालीं डोळ्याच्या मागील बाजूची दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. चोपण रानांत पाणी साचलें म्हणजे मुळ्या आधीं कुजतात आणि पानें पुष्कळ दिवसांनीं पिवळीं पडतात; तसाच हा प्रकार. नजर बहुधा कडेकडेनें खाल्ली जाते, मधली फार उशिरां जाते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळें ज्याची नजर जात असते, त्यासच त्याची खबर नसते.

हा दाब साधारणपणें पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. परंतु कित्येकांची नस दाब या मर्यादेंत असूनही सुकते. तेव्हां नुसता दाब मोजून घेऊन समाधानानें परत येणें बरोबर नाहीं. औषधानें बाहुली मोठी करून नस प्रत्यक्ष पाहिली पाहिजे, व संशय आल्यास कडेची नजर यंत्रावर तपासली पाहिजे. जिवंत माणसाच्या डोळ्याचें अंतरंग पाहण्याचें साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं पुढें आणलें. तेव्हांपासून ही नस पाहतां येते. आपण दाखवावयास जात नाहीं, एवढाच काय तो प्रश्न. काचबिंदूचा एक प्रकार मात्र एकाएकीं येतो: डोळा लाल होतो, असह्य ठणकतो, डोकें दुखतें, ओकाऱ्या होतात. त्यास पित्त समजून घरीं निजून राहूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

बाहुली मोठी केली असतां आणखी एक लाभ होतो. शरीरांतील बारीक रक्तवाहिन्या कांहीं न कापतां जेथें प्रत्यक्ष पाहतां येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा आंतील पडदा. मधुमेह व वाढलेला रक्तदाब यांच्या खुणा तेथें उमटतात, आणि आपणांस मधुमेह आहे हें कित्येकांस प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच कळतें. मधुमेह्याच्या पडद्यावर रक्त झिरपूं लागलें तरी आरंभीं दृष्टींत फरक पडत नाहीं. म्हणून प्रौढ वयांत मधुमेह निघाल्यास त्याच वेळीं, व पुढें दरवर्षीं, पडदा दाखविला पाहिजे. वेळेवर कळल्यास लेसरनें किंवा डोळ्यांत द्यावयाच्या इंजेक्शनांनीं पुष्कळांची नजर राखतां येते.

मोतीबिंदूविषयीं थोडक्यांत. तो पिकण्याची वाट पाहण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. हॅरोल्ड रिडले यांनीं १९४९ सालीं लंडन येथें डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें. आज तें सर्रास बसवितात आणि गेलेली नजर बहुधा परत मिळते. याच भरंवशावर लोक सगळें अंधुकपण मोतीबिंदूच्या खात्यावर मांडतात आणि फसतात.

चाळिशीचा चष्मा हा कित्येकांस कमीपणा वाटतो. आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळीस व त्यापुढील वयाच्या मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस जवळचा चष्मा दिला त्यांची पानतोड, न दिलेल्यांच्या मानानें, दिवसाला सुमारें ५ किलो अधिक वाढली. बीं निवडणें, कलम बांधणें, कीटकनाशकाच्या बाटलीवरील बारीक अक्षरें वाचणें, हीं कामेंही त्याच नजरेचीं. घरांतील बायकांच्या चष्म्याकडे तर कोणी पाहतच नाहीं, आणि धान्य निवडण्याचें काम बहुधा त्यांच्याच माथीं असतें.

ज्वारीचें कणीस, उंसाचें पातें किंवा भाताचें तूस डोळ्यांत गेल्यास मात्र नेहमीच्या तपासणीची वाट पाहूं नये. अशा जखमेंत बुरशी वाढून बुबुळावर फूल पडतें. शेजाऱ्याकडील उरलेले थेंब घालण्याची खोड आम्हीं फार ठिकाणीं पाहिली आहे. त्यांत स्टिरॉइड असल्यास बुरशीस खतच मिळतें. आणि तेच थेंब महिनेन् महिने घातल्यास डोळ्याचा दाबही वाढतो.

तर तपासणी केव्हां करावी? चाळिशी गांठतांच एकदां संपूर्ण, पुढें दोन-तीन वर्षांनीं, व साठीनंतर शक्य तर दरवर्षीं. आईबापांस किंवा भावाबहिणींस काचबिंदू असल्यास चाळिशीचीही वाट न पाहतां जावें. सरकारचा अंधत्व-निवारणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे व जिल्हा रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग असतो. गांवोगांवीं होणारीं शिबिरें चांगलीं खरीं; पण त्यांचा रोख बहुधा मोतीबिंदूवर असतो. शिबिरांत 'मोतीबिंदू नाहीं' असें सांगितलें, याचा अर्थ डोळा निकोप आहे असा होत नाहीं.

वर सांगितलेल्या बागाईतदारांनीं आपल्या धाकट्या भावास आग्रह करकरून रुग्णालयांत नेलें. त्यास कांहींच होत नव्हतें. 'सुगीच्या दिवसांत हें काय काढलें?' म्हणून तो कुरकुरत गेला. त्याच्याही नसेंत आरंभ झालेला दिसला. आतां दोघे भाऊ दर चार महिन्यांनीं एकत्र जातात. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांनीं कांहीं तास अंधुक दिसतें व ऊन सोसत नाहीं, म्हणून ते मोटारसायकल घरीं ठेवून एस. टी. नें जातात, आणि येतांना डोकीवरची टोपी पुढें ओढून घेतात.