घरच्या संगणकात ठाण मांडून बसलेले सॉफ्टवेअर



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज संगणक आहे, परंतु बहुतेक ठिकाणी तो एकच असतो. त्याच्यावरच थोरल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, धाकट्याचा अभ्यास चालतो आणि वडिलांचे बँकेचे व्यवहारही होतात. असा संगणक एके दिवशी आपोआप जाहिराती दाखवू लागतो, ब्राउझर उघडताच भलतेच पान पुढे येते आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. मग कोणी सांगतो की संगणक जुना झाला, कोणी सांगतो की फॉरमॅट मारून टाका. परंतु त्या फॉरमॅटमध्ये मुलांच्या नोट्स आणि जातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत पुसली गेली, तर ते नुकसान जाहिरातींच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठे ठरते. फॉरमॅट हा अखेरचा उपाय आहे. त्याआधी घरी बसून काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथील माहिती विंडोज १० व ११ यांना धरून आहे.

हे सॉफ्टवेअर येते कोठून? बहुतेक वेळा दार आपणच उघडतो. अर्जासाठी फोटो ठराविक केबीत बसवायचा असतो, कागदपत्रांची पीडीएफ करायची असते. घाईत एखादे फुकटचे साधन शोधले जाते. त्या पानावर डाउनलोडचे खरे बटण एक आणि जाहिरातीची खोटी बटणे चार असतात. उतरवलेली फाइल चालवताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि आधीच खूण केलेल्या चौकटींतून आणखी दोन-तीन पाहुणे आत येतात. टायपिंगच्या परीक्षेच्या सरावासाठी किंवा मराठी फॉन्टसाठी 'क्रॅक' केलेली प्रत घेणे हा प्रकार याहून वाईट आहे, कारण तिच्याबरोबर जाहिरातींऐवजी पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअरही येऊ शकते. आणि त्याची जाहिरात दिसत नाही, म्हणून ते आल्याचे कळतही नाही.

आता मुख्य मुद्दा. काढलेले सॉफ्टवेअर परत का येते? कारण नाहीसे झाल्याखेरीज परिणाम नाहीसा होत नाही, हे धम्माच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. आपल्याला दिसतो तो प्रोग्राम हा परिणाम असतो. त्याला पुन्हा पुन्हा उठवणारे कारण दुसरीकडे दडलेले असते. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' नावाची सोय आहे. अमुक वेळी किंवा संगणक सुरू होताच अमुक काम कर, अशी नोंद तेथे करून ठेवता येते. हट्टी सॉफ्टवेअर तेथे स्वतःची नोंद करते आणि मूळ प्रोग्राम गेलेला दिसला की तो इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेते. काही सॉफ्टवेअर 'सर्व्हिस' म्हणून पडद्यामागे चालू राहते. काही वेळा ब्राउझरला जोडलेले एक्स्टेन्शन हे मूळ असते. ते या संगणकावरून काढले, तरी त्याच खात्याने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर ते असेल, तर 'सिंक'मुळे इकडे परत येते. ब्राउझर 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' असा मजकूर दाखवत असेल आणि संगणक घरचा असेल, तर कोणीतरी त्यात जबरदस्तीचा नियम घातलेला असण्याचा संभव असतो. काही अँटिव्हायरस आणि मुलांवर देखरेख ठेवणारी साधनेही असा नियम घालतात, हे मात्र लक्षात घ्यावे.

दिसणारा प्रोग्राम जातो आणि मूळ राहते, याचे प्रसिद्ध उदाहरण २०१५ सालचे आहे. लिनोव्हो कंपनीच्या घरगुती वापराच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ च्या उत्तरार्धापासून 'सुपरफिश' नावाचे जाहिरातीचे सॉफ्टवेअर कंपनीकडूनच भरलेले येत होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिरात घुसवता यावी म्हणून त्याने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे प्रकरण गाजले. नेहमीच्या रीतीने प्रोग्राम काढला की जाहिराती थांबत, परंतु ते प्रमाणपत्र मागे राहत असे. त्याची गुप्त किल्ली या सर्व लॅपटॉपमध्ये एकच होती आणि एका सुरक्षा तज्ज्ञाने ती काढूनही दाखवली. म्हणजे ही किल्ली हाती असलेल्याला, त्याच वायफायवर बसून, बँकेचे खोटे पान खरे म्हणून पुढे करणे शक्य होते. शेवटी कंपनीला प्रमाणपत्रासकट सर्व काढणारे वेगळे साधन द्यावे लागले व मायक्रोसॉफ्टनेही आपल्या डिफेंडरमध्ये ती तजवीज केली. ग्राहकाने दाम मोजून घेतलेल्या नव्या वस्तूत असे घडावे, ही गोष्ट मला आजही चमत्कारिक वाटते.

तेव्हा काढण्याची रीत मुळाकडे जाणारी हवी. सर्वप्रथम कागदपत्रे, फोटो व नोट्स पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. प्रोग्रामच्या फाइली मात्र घेऊ नयेत. त्यानंतर 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स'ची यादी उघडून ती तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास एकाच तारखेला चार नावे आलेली दिसली की निम्मे काम झाले. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच काढू नये. छपाईयंत्राचे किंवा आवाजाचे सॉफ्टवेअरही अनोळखीच वाटते. काढताना समोर येणारा मजकूर नीट वाचावा. 'ठेवा' हे बटण मोठे रंगीत आणि 'काढा' हे बारीक फिकट अक्षरांत, अशी लबाडी सर्रास असते.

'प्रोग्राम चालू आहे, काढता येत नाही' असा निरोप आला तर 'सेफ मोड' वापरावा. शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले की निळा पडदा येतो. त्यात 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन 'रीस्टार्ट' करावे व पुढच्या यादीत ४ हा आकडा दाबावा. या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच सुरू करते, त्यामुळे हट्टी सॉफ्टवेअरचे राखणदार बहुधा झोपलेले राहतात. काही लॅपटॉप या वेळी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतात. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, म्हणून आधीच वहीत उतरवून ठेवावी.

मग मुळांचा शोध. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'स्टार्टअप'मध्ये काढलेल्या प्रोग्रामशी संबंधित नोंद असेल तर बंद करावी. 'टास्क शेड्युलर'मध्येही तसेच पाहावे. ज्यांना एकाच ठिकाणी सर्व पाहायचे असेल, त्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारे 'ऑटोरन्स' घ्यावे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, ती लावली की यादी आटोक्यात येते. नोंद एकदम पुसू नये, आधी नुसती खूण काढावी. चूक झाली तर खूण परत करता येते. ब्राउझरमध्ये नको ती एक्स्टेन्शन्स काढावीत, त्याच खात्याच्या इतर संगणकांवरूनही काढावीत, आणि 'नोटिफिकेशन्स'ची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते पाहावे. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या जाहिराती पुष्कळदा केवळ या परवानगीमुळे येतात. तेथे सॉफ्टवेअर शोधत बसणे व्यर्थ.

शेवटी 'विंडोज सिक्युरिटी'मधून डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी करावी. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी होते, तिला सुमारे १५ मिनिटे लागतात. एवढे करूनही त्रास परतला, तर 'रीसेट धिस पीसी' हा मार्ग आहे. त्यात फाइली ठेवण्याचा पर्याय असतो, तरीही पेनड्राइव्हवरील प्रत आधी तपासून घ्यावी.

बँकेत नोकरी करीत असल्याने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. संगणक साफ होईपर्यंत त्यावर बँकेचा पासवर्ड टाकू नये. क्रॅक केलेली प्रत चालवली असेल तर ईमेलचे व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत आणि ईमेलमध्ये 'सर्व ठिकाणांहून साइन आउट' करावे. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले, या क्रमांकावर फोन करा' असा पडदा आला तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण येथे अगदी तंतोतंत लागू पडते. असा फोन केला की पलीकडचा माणूस दुरून संगणक हाताळणारे सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. अशाच 'एनीडेस्क'च्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला होता. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेत कळवावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या पुढच्या खात्यांत जाते आणि रोखणे अवघड होते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा शक्य त्यांनी ११ वर जावे. मुलांसाठी 'स्टँडर्ड' प्रकारचे वेगळे खाते उघडून द्यावे. मग संगणकभर बसणारे सॉफ्टवेअर घालताना मोठ्यांचा पासवर्ड मागितला जातो. आणि ज्या कामांसाठी ही फुकटची साधने उतरवली जातात, त्यांतील बरीचशी विंडोजमध्ये आधीच आहेत. फोटो लहान करणे 'पेंट'मधील 'रीसाइज'ने होते. पीडीएफ करण्यासाठी छपाईच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडावे. मराठी कळफलक भाषेच्या सेटिंगमधून जोडता येतो, त्यात इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसार टंकलेखन करण्याचीही सोय आहे. विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबले की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते.