वंशावळीतल्या लेकी-सुना

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. दिवाळीच्या आठवड्याचा तुझा बेत वाचला. सुट्ट्या लागेपर्यंत रोज पुराभिलेखागारात बसायचं, संध्याकाळी मोडीच्या वर्गात नवशिक्यांना मदत करायची, रविवारी लोक घेऊन येतात ते जुने कागद विनामूल्य वाचून द्यायचे, आणि उरल्या वेळात फराळ, लक्ष्मीपूजन, पाहुणे. शेवटी लिहिलं आहेस, ‘भाऊबीजेला तुम्ही सगळ्या येणार, त्यामुळे त्या दिवशी काहीच काम होणार नाही.’ या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. वंशावळ काढणाऱ्या मुलीचं त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम भाऊबीजेलाच असतं.

पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराच्या कामाला मी कमी लेखत नाही. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी बहुतेक कागद अजून रुमालांतच बांधलेले आहेत आणि ते वाचणारी माणसं थोडी. तू त्यांतली एक झालीस याचा मला फार आनंद आहे. पण त्या कागदांत कोण सापडतं ते बघ. वतन ज्याच्या नावे तो, सनद ज्याला मिळाली तो, तंटा करणारा, साक्षीला बसलेला. ‘अमुक बिन तमुक’ अशी बापलेकांची साखळी मिळते. बाई कागदावर येते ती बहुधा विधवा झाल्यावर, दत्तक घेताना किंवा पोटगी मागताना, आणि तिथेही तिच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचं नाव येतं. तिचा बाप कोण, ती कुठल्या गावची, हे विचारण्याचं सरकारला कारणच नव्हतं.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले ते तरी वेगळे निघायला हवे होते. केवढे कष्ट घेतले त्या माणसांनी! गावोगाव पत्रं पाठवली, शाखा जुळवल्या, पदरचे पैसे घालून ग्रंथ छापले. आपला कुलवृत्तांत उघड. मुलाचं शिक्षण, नोकरी, घर, स्वभाव सगळं आहे. मुलीपुढे सासरचं आडनाव आणि गाव, की संपलं. सुना तर लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहूनच घरात आलेल्या. त्यांचं माहेरचं नाव कंसात मिळालं तरी खूप. म्हणजे प्रत्येक पिढीत निम्मी माणसं अर्धवट. तुझ्या पणजीच्या आईचं माहेर मला सांगता येत नाही, आणि पणजोबांच्या बाजूचे सात पुरुष मात्र मी धडाधड म्हणते. हे मला मनापासून खटकतं, आणि तुझ्या हातून ते सुधारावं असं वाटतं.

म्हणून दिवाळीच्या आठवड्यात तुझी कामं घरापासून सुरू कर. वहिनी साफसफाईला माळ्यावरची पितळी आणि तांब्याची भांडी काढतील. चिंच लावायच्या आधी प्रत्येक भांडं उलटसुलट करून बघ आणि नावाचा फोटो घे. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, कधी तारीख, कधी गाव कोरलेलं असतं. मामाकडून आलेला हंडा, आजोळची परात. सुनेच्या माहेरची माणसं सासरच्या घरात लेखी स्वरूपात दुसरीकडे क्वचितच राहतात. घासून घासून अक्षरं झिजली असली तर तिरका उजेड पाडून बघ, वाचता येतात.

नंतर ट्रंकेतल्या लग्नपत्रिका. माणसं त्या टाकतात तेव्हा माझा जीव तुटतो. पत्रिकेवर वधूवरांचे आईवडील, आजी-आजोबा, मामा, निमंत्रक काका, आणि मोठ्या कुटुंबात तर सगळं गोतच छापलेलं असतं. तिसरी वस्तू दादाच्या कपाटात आहे: महालय श्राद्धासाठी गुरुजींना देतात ती नावांची यादी. श्राद्धाला बापाकडच्या तीन पिढ्या लागतात, तशी आई, आजी, पणजीही लागते, आणि आईचे वडील, आजोबा, पणजोबाही. महालयात तर आत्या, मावशी, बहीण, सासरे यांचीही नावं घेतात. सरकारी दफ्तराने ज्यांना विचारलं नाही त्यांना तर्पणात जागा होती. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत आलेली ती वही तू आजवर धार्मिक कागद म्हणून बाजूला ठेवलीस. आता ती पहिली वाच.

दिवाळीनंतर कचेऱ्या उघडल्या की तलाठ्याकडच्या फेरफार नोंदी काढ. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बापाच्या मागे लेकीही वारस म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. त्यामुळे वारसनोंदीत त्यांची सासरची पूर्ण नावं आणि गावं मिळतात. पुढे भावांच्या नावे बहिणींनी करून दिलेली हक्कसोडपत्रं असतात. आपल्याही घरात आहेत, त्यात माझी सही आहे. त्या कागदाबद्दल मला काय वाटतं हा वेगळा विषय, पण हरवलेल्या आत्या शोधायला त्याच्यासारखं साधन नाही.

आता भाऊबीज. त्या दिवशी चार पिढ्यांच्या माहेरवाशिणी एका घरात येतात. वर्षात असा दिवस दुसरा नाही. वंशवृक्षाचा मोठा कागद पसरून ‘यात तुमचं नाव कुठे ते दाखवा’ असं मात्र करू नकोस. त्याने बायका गप्प होतात, आणि ज्यांना कागदावर फक्त ‘अमुक गावी दिली’ एवढंच सापडतं त्या दुखावतात. जेवणं होऊ दे. मग एकीजवळ बस. सालं विचारू नकोस, कुणालाच आठवत नाहीत. पानशेतच्या पुराआधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी कडेवर कोण होतं, असं विचार. पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. या दोन खुंट्यांना आपल्या भागातली कितीतरी बाळंतपणं आणि लग्नं टांगता येतात. त्याहून म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आईकडून ऐकलेली प्लेगची आणि १९१८ च्या तापाची साथ असते. त्यात गेलेली लहान मुलं कुठल्याही वृत्तांतात नाहीत. त्यांची नावं मिळाली तर लिही, नावं नसली तर ‘एक मुलगी’ एवढं तरी लिही.

प्रत्येक नोंदीपुढे कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं हे टाक. दोघींनी दोन निराळी नावं सांगितली तर दोन्ही ठेव, तुझ्या मनाने एक खोडू नकोस. तिथीचं रूपांतरही सावधपणे कर. शकात ७८ मिळवायचे हे तुला पाठ आहे, पण मार्गशीर्ष-पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, आणि तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. एवढ्या चुकीने मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं, आणि मग नातेवाईक नको त्या कथा रचतात.

आणि काही गोष्टी तुला कळतील त्या वहीतच ठेव. कोणाचं दुसरं लग्न, कोण दत्तक आलं आणि त्या मुलाला ते अजून ठाऊक नाही, कोण घर सोडून गेली. जिवंत माणसाची हकीकत त्याला विचारल्याशिवाय नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. जन्मतारखाही नाहीत. घराचा विश्वास एकदा गेला की पुढची दहा घरं तुला दार उघडणार नाहीत.

रविवारच्या तुझ्या सेवेबद्दल थोडं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दाराशी माणसं उभी आहेत. त्यांच्या हातात आजोबांचा कागद असतो आणि मनात मुलाची फी. त्यांची निकड खरी आहे, म्हणूनच तुझी जबाबदारी मोठी. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ज्याला जे हवं ते त्यात दिसू शकतं. कागदावर आहे तेवढंच वाच. अक्षर लागत नसेल तर ‘लागत नाही’ असं सांग, समोरचा रडवेला झाला तरी. पण त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस; आणखी कुठल्या गावच्या, कुठल्या दफ्तरात बघावं ते चिठ्ठीवर लिहून दे. पैसे घेत नाहीस हे फार चांगलं करतेस, ते तसंच ठेव. मात्र पाडव्याला वर्ग घेऊ नकोस, तो दिवस वहिनींबरोबर घालव. त्यांच्या माहेरच्या किती गोष्टी तू अजून विचारलेल्याच नाहीस.

एक काम तुलाच करायचं आहे. माझी आत्या, म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, यंदा एकटी प्रवास करू शकणार नाही. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन तिला घरी आण. सकाळी चहा झाल्यावर तिचं डोकं स्वच्छ असतं, दुपारनंतर ती थकते. तिला तिच्या आईबद्दल विचार: लग्नाआधीचं नाव काय, माहेर कुठलं, भाऊ किती, आजोळी कोण जायचं. गोंगाट सुरू व्हायच्या आत हे लिहून घे, आणि तिची परवानगी असेल तर आवाजही घेऊन ठेव. मी भाऊबीजेला सकाळच्या गाडीने निघते आहे, दुपारपर्यंत पोचेन. माझ्या सासूबाईंची पत्रिका आणि त्यांच्या माहेरचा तांब्या सोबत आणते आहे, त्यांची नोंद आपण दोघी मिळून करू.

दादाला आणि वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या