अखत्यार आणि जाब

जेद्द्याच्या बलद विभागात, प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या आणि लाकडी रवाशीनांनी, म्हणजे जाळीदार सज्जांनी, नटलेल्या जुन्या घरांमधील एका दफ्तरात, मी काही वर्षांपूर्वी एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापकपदाच्या करारनाम्यावर सही केली. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. "कारभाराचा संपूर्ण अखत्यार तुमचा, आम्हांला फक्त निकाल द्या," असे शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, आणि साध्या मंजुरीसाठीही महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या मला त्या वाक्याची एवढी भुरळ पडली की, दहावीचे शेकडा ९५ विद्यार्थी उत्तीर्ण व्हावेत हे कलम कागदावर आकड्यासह आहे आणि अखत्याराचे कलम मात्र कोठेच नाही, ही गोष्ट दिसत असूनही मी मनावर घेतली नाही.

उणीव पहिल्याच वर्षी उघडी पडली. शिक्षक निवडावयाचा मी. परंतु त्याचा व्हिसा आणि इकामा (निवासाचा परवाना) शाळेच्या परवानाधारकाच्या हाती असल्यामुळे एप्रिलमध्ये निवडलेले गणिताचे शिक्षक नोव्हेंबरात रुजू झाले. प्रयोगशाळेसाठी मागितलेली तसलमात वर्ष सरले तरी मंजूर झाली नाही. जबाबदारीचा आकडा तेवढा जागच्या जागी होता, आणि तो साधण्याचे जे एकमेव साधन खरोखर माझ्या हाती होते ते मी वापरले: नववीतील अकरा दुबळी मुले मी तेथेच रोखली. पुढच्या वर्षी निकाल शेकडा ९६ लागला, समितीने माझा सत्कार केला, आणि त्या अकरांपैकी एकाविषयीही मला कोणी जाब विचारला नाही.

विचारला तो एका बापाने. रत्नागिरीकडचे हे गृहस्थ बलदमध्येच शिवणकाम करीत. "सर, पोरगा नापास झाला असता हे मला कबूल आहे, पण परीक्षेला बसला तरी असता," एवढेच ते म्हणाले. मुलाला त्यांनी गावी पाठविले होते आणि तेथे त्याने शाळा सोडली होती. जेद्द्याच्या याच बलद वस्तीत १९०५ साली मोत्यांचे व्यापारी मुहम्मद अली जैनल यांनी फलाह शाळा स्थापिली, व पुढे मुंबईतही तशी शाळा काढली. त्या शाळेवरून त्या संध्याकाळी परतताना, शाळा कोणासाठी असते, हा प्रश्न मी पहिल्यांदाच स्वतःला नीट विचारला.

मुख्याध्यापकाला स्वातंत्र्य द्यावे या मताचा मी आजही कट्टर पुरस्कर्ता आहे. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी प्रत्येक शाळेने आपली योजना आपणच आखावी असा आग्रह धरला, तो मला सर्वस्वी मान्य आहे. इंग्लंडने १९८८च्या कायद्याने शाळांच्या हाती अंदाजपत्रक सोपविले, परंतु निकालांचे तक्तेही प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा तेथेही उत्तीर्णतेच्या सीमेवरील मुलांकडेच अधिक लक्ष जाते अशी तक्रार झाली. दोष जाब विचारण्यात नाही. एकाच आकड्याचा जाब विचारण्यात आहे.

म्हणून पदावर रुजू होणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना सांगणे असे की, जबाबदारीच्या प्रत्येक कलमासमोर तिला पुरेल एवढा अखत्यार लिहून घ्यावा: निवडलेल्या शिक्षकाची कागदपत्रे किती दिवसांत पूर्ण होतील, किती रियालपर्यंतचा खर्च विनामंजुरी करता येईल, आणि मंजुरी नाकारल्यास कारण लेखी मिळेल की नाही. तोंडी अखत्यार घेऊ नये. तो देणारा बदलला की तोही जातो. आपल्याकडील २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. परदेशातील शाळेला तो लागू नसला, तरी मुख्याध्यापकाचा जाब पालकांसमोरही व्हावा, असे आपण होऊन सुचवावे. आणि निकालाच्या कलमात, नववीत किती मुले होती, त्यांपैकी दहावीला किती बसली, व उरलेली कोठे गेली, हे तीन रकाने अवश्य घालावेत.

पुढे बलदमधीलच दुसऱ्या एका दफ्तरात हे रकाने संस्थेने नाकारले, तेव्हा मी सही न करता जिना उतरलो.