खालचा ओठ आणि ऊन

प्राणिशास्त्राच्या तासाला त्वचेची रचना शिकविताना मी एक प्रश्न हटकून विचारतो. शरीराच्या सदैव उघड्या राहणाऱ्या कोणत्या भागाला निसर्गाने उन्हापासून सर्वांत कमी संरक्षण दिले आहे? उत्तरे येतात ती नाक, कान, कपाळ अशी. ओठ क्वचितच कोणाला आठवतो.

ओठाच्या तांबूस भागावरील केराटिनचा थर अत्यंत पातळ असतो. मेलॅनिन हे रंगद्रव्यही तेथे कमीच. शिवाय खालचा ओठ किंचित पुढे आलेला असल्याने माध्यान्हीचे ऊन त्यावर थेट पडते. वर्षानुवर्षे झेललेल्या अतिनील किरणांनी तेथील पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड होत जातो. या विकारास अ‍ॅक्टिनिक कायलायटिस म्हणतात. उघड्यावर राबणारे शेतकरी, मच्छीमार, खलाशी यांच्यात तो अधिक आढळतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांना त्याचा धोका विशेष असतो. सावळ्या वर्णाला मेलॅनिनचा आधार मिळतो, पण अभय नव्हे. त्यातून विडी-तंबाखूची भर पडली तर धोका वाढतोच.

थंडीने उललेला ओठ तूप-लोणी लावल्यावर बहुधा चार-आठ दिवसांत भरून येतो. उन्हाने बिघडलेला ओठ मात्र कोरडाच राहतो. त्यावर पापुद्रे धरतात, पांढरट चट्टे उमटतात, ओठ आणि त्वचा यांमधील रेषा पुसट होते. बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. हा कर्करोग नव्हे. ती त्याची पूर्वावस्था होय. सर्वच रुग्णांना पुढे कर्करोग होतो असे नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो मानेतील गाठींपर्यंत पसरू शकतो.

संशय आल्यास डॉक्टर ओठाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वेळीच निदान झाले तर द्रव नायट्रोजनने गोठविणे, मलम, लेसर किंवा छोटी शस्त्रक्रिया यांनी उपचार होऊ शकतात.

प्रतिबंध त्याहून सोपा आहे. गांधी टोपी डोके झाकते, परंतु ओठावर सावली पाडीत नाही. त्यासाठी रुंद काठाची टोपी हवी. तूप ओठ मऊ ठेवते, ऊन अडवीत नाही. त्यासाठी अतिनील किरण रोखणारे ओठांचे मलम मिळते.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीत घरी जाल तेव्हा रानात आयुष्य घालविलेल्या आजोबांच्या, काकांच्या खालच्या ओठाकडे एकदा नीट पाहा. तेथील चट्टा किंवा चीर तीन आठवड्यांतही भरून आली नसेल, तर "उन्हाने उलला असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.