जाड अक्षराच्या पोटात जागा ठेव

बाळा, गिऱ्हाईक 'पाटीवरचं अक्षर जाड पाहिजे' म्हणालं, की लगेच कॉम्प्युटरवर बोल्डचं बटण दाबू नकोस. फॉन्टला स्वतःचं जाड रूप नसेल तर त्याने अक्षर सगळीकडून सारखंच सुजतं. क्ष, ज्ञ, ष्ट यांच्या पोटातल्या जागा बुजतात आणि पैठणकडून येणाऱ्या गाडीवाल्याला नुसता काळा गोळा दिसतो. जाड अक्षर मुळातच जाड म्हणून काढलेलं असावं लागतं.

इंग्रजी नावासाठी लोक चौकोनी पायाची अक्षरं मागतात. त्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. काठी जेवढी जाड, जवळपास तेवढाच जाड तिचा पाय. विलायतेत 1815 च्या आसपास विन्सेंट फिगिन्सने हा प्रकार आणला, तो जाहिरातींच्या कामी आला. भिंतीवरचं पत्रक चालत्या माणसाच्या नजरेत भरायला हवं होतं. 1845 च्या क्लॅरेंडनमध्ये पाय काठीला गोलाईने मिळतो, 1934 च्या रॉकवेलमध्ये थेट काटकोनात. ट्रॅक्टरचे सुटे भाग, वेल्डिंग, खत-बियाणं यांना रॉकवेल शोभतं. कापडदुकानाला किंवा खाणावळीला मी क्लॅरेंडनच देईन.

पण मराठी अक्षरांना असे पाय लावू नकोस, हे ठासून सांगतो. आपल्या अक्षराला शिरोरेषा बांधून ठेवते. 'शेवगाव' एवढंच लिहून बघ. त्यात पाच उभ्या काठ्या आहेत. प्रत्येकीला पाय दिलास तर खालीही एक रेघ तयार होते आणि शब्द दोन रुळांमध्ये अडकतो. शिवाय उकार कुठे घालशील? त्यापेक्षा शिरोरेषा दणकट ठेव, उभ्या काठीला पूर्ण जाडी दे, गाठींना आणि वळणांना थोडी कमी. खडूच्या दोरीने ओळी मारतानाच मात्रा, रफार, अनुस्वार यांची वरची जागा धरून चाल. ती नंतर सापडत नाही.

मुंबईच्या 'एक टाइप'चा मोदक फॉन्ट उघडून नीट न्याहाळ. अक्षर इतकं भरलेलं आहे, की पोटात जेमतेम एक बारीक पांढरी रेघ उरते, तरी ते वाचता येतं, कारण ती रेघ कुठे सोडायची याचा विचार केलेला आहे. 'यात्रा' फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आला. चपट्या ब्रशचं वळण त्यातून शिक. आणि कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची शीर्षकं मिळतील तिथे बघ. प्रत्येक नाटकाचा स्वभाव त्यांनी अक्षरात उतरवला.

जाड अक्षरात फक्त नाव लिही, दोन किंवा तीन शब्द. पत्ता, मोबाइल नंबर, 'प्रो.प्रा.' हे सगळं साध्या अक्षरात. सगळंच ओरडायला लागलं तर गिऱ्हाइकाचं नाव ऐकू येणार नाही.

पहिला हात वाळला की रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि डोळे किलकिले करून पाटी बघ. पोटं मिटलेली दिसली तर दुसरा हात देण्याआधी जमिनीच्या रंगाने ती मोकळी कर. दुकानदार घाई करील, मुहूर्ताचं सांगेल. तरी एवढं केल्याशिवाय पाटी वर चढवू नकोस.