आधी वाचणारी पोरं मोज, मग प्रती

सई, पुस्तक स्वतःच छापायचं म्हणतेस ना? छाप. घरच्यांना काळजी वाटणारच, पण माझं मत विचारशील तर तुझ्या या पुस्तकाला तेच बरं. डमीत तू उजव्या पानाच्या कडेला हत्तीची नुसती सोंड दाखवलीस आणि पान उलटल्यावर अख्खा हत्ती आणलास. पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं असतं, तर पानं वाचवायला ती दोन्ही चित्रं शेजारीशेजारी बसली असती. चित्र कुठे तोडायचं, पान कधी उलटायचं, पुस्तक मुठीत मावेल एवढं करायचं की मांडीवर पसरेल एवढं, हे सगळं तू ठरवणार. स्वतः छापण्याचं सुख ते हेच, आणि ते फार मोठं आहे. बाकी सगळा हिशेब आणि धावपळ. त्याबद्दलच बोलायचंय.

छापणं अवघड नाही गं. छापलेलं पोचवणं अवघड. म्हणून प्रेसची पायरी चढण्याआधी एक वही घे आणि प्रत कोण कोण घेणार ते नावानिशी लिही. तुझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं, ओळखीच्या शाळांमधल्या ग्रंथपाल बाई, बालवाडीच्या ताई, सोसायटीतलं वाचनालय. 'मराठी पालक' असं मोघम लिहू नकोस, माणसं लिही. जेवढी नावं निघतील त्याच्या फार तर दुप्पट प्रती काढ.

प्रेसवाले म्हणतील, "ताई, पाचशे आणि हजारात फार फरक नाही, हजारच काढा." ते तुला फसवत नाहीत. ऑफसेटला प्लेटा एकदाच बनतात, मशीन एकदाच लावावं लागतं, त्यामुळे प्रती वाढल्या की प्रतीमागचा खर्च उतरतो. पण उरलेले गठ्ठे तुझ्याच घरी येणार. नऊ इंची चौकोनी, बत्तीस पानी पुस्तक १३० जीएसएम आर्ट पेपरवर, जाड कव्हरसकट, साधारण १४० ग्रॅम भरतं. पाचशे प्रती म्हणजे सत्तर किलो. पावसाळ्यात आर्ट पेपरला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. दोनतीनशे प्रतींचीच नावं निघाली तर डिजिटल छपाईचा दर काढ. प्रत महाग पडेल, पण पैसे अडकून पडणार नाहीत.

बिअॅट्रिक्स पॉटरची गोष्ट तुला माहीत असेल, पण ती हिशेबाच्या नजरेनं बघ. 'पीटर रॅबिट' प्रकाशकांनी परत पाठवलं, तेव्हा तिनं डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशानं २५० प्रती काढल्या. आतली चित्रं काळी-पांढरी ठेवली, रंगीत केलं ते फक्त मुखचित्र. लहान मुलाच्या हातात मावेल असा आकार मात्र तिनं सोडला नाही. प्रती ओळखीपाळखीत गेल्या, संपल्या, मग तिनं आणखी २०० काढल्या. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न यांनी तेच पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आणलं. ज्याच्यासाठी आपण हे सगळं करतोय ते सोडायचं नाही आणि बाकीच्यात काटकसर करायची, हे तिला नेमकं उमगलं होतं. तुझ्या पुस्तकात पान उलटण्याची गंमत हा जीव आहे. मग सगळी बत्तीस पानं चार रंगांत हवीतच का, याचा शांतपणे विचार कर.

पानं मात्र बत्तीसच ठेव. सोळा-सोळाचे दोन फॉर्म नीट बसतात. छत्तीस केलीस तर वरच्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेटा आणि वेगळी मजुरी.

किमतीत तुझं मन फार मऊ होणार, मला माहितेय. "मुलांचं पुस्तक आहे, दीडशेच ठेवू" असं म्हणशील. समज, प्रत सत्तर रुपयांना पडली. वितरकाला निम्मी सूट दिलीस की हातात पंचाहत्तर. उरले पाच, त्यातच पार्सल आणि तुझे चित्रांचे महिने. म्हणून छपाईच्या चौपट किंमत तरी धर, नाहीतर वितरकाकडे जाऊच नकोस, स्वतः वीक. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर तो लागतो आणि आपल्याला परत मिळत नाही, तोही धर. दुकानात माल ठेवलास तर चलन घे, तारीख घाल, दर तिमाहीला फोन कर. माझे पैसे एका दुकानाकडे वर्ष उलटलं तरी अडकले होते, आणि मागताना आपल्यालाच ओशाळं वाटतं. वाटू देऊ नकोस. ते तुझ्या कष्टाचे आहेत.

आता माझ्या आवडीचं. स्क्रीनवरचा तो झगझगीत पोपटी कागदावर उतरणार नाही. छपाईच्या चार शाईंत तो बसतच नाही. फाइल सीएमवायकेत बदलून बघ, पोपटी मलूल झाला तर आत्ताच दुसरा हिरवा निवड. मॅपलिथोवर शाई मुरते आणि रंग दबतात, आर्ट पेपरवर उजळ राहतात, तेव्हा ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर नमुना माग. छपाईच्या दिवशी मशीनपाशी उभी राहा आणि पहिला शीट मनासारखा आला की त्यावर सही करून दे.

मजकूर चित्रात मिसळून टाकू नकोस. तो वेगळ्या लेयरवर, निव्वळ काळ्या शाईत ठेव. म्हणजे उद्या कोकणी किंवा हिंदी आवृत्ती काढायची झाली, तर त्या खेपेला नुसती काळी प्लेट बदलून भागतं. अक्षरं युनिकोडमध्येच लाव. 'एक टाइप'चे 'मुक्त', 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत, लहान मुलांना वाचायला स्वच्छ आहेत. पीडीएफ झाल्यावर प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाल, कारण सॉफ्टवेअर तिथेच दगा देतं.

आयएसबीएन विकत घेऊ नकोस. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची जी राष्ट्रीय संस्था तो देते, ती पैसे घेत नाही. नंबर तुझ्याच नावानं असू दे, कारण ज्याच्या नावावर नंबर तो प्रकाशक. पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठव. तुझा हत्ती तिथे जपून ठेवला जाईल, मला तर याचाच फार आनंद आहे.

पहिले काही महिने वाईट जातील. मित्रमंडळी कौतुक करतील आणि प्रत फुकट मागतील. दे थोड्या, पण आधी त्यांची संख्या ठरव. तू शाळेत जाऊन गोष्ट वाचशील, पोरं हत्तीवर किंचाळतील, आणि त्या दिवशी एकही प्रत खपणार नाही, असंही होईल. तरी जात राहा. प्रती खपतात त्या अशाच, पंधरा दिवसांनी एखाद्या आईचा फोन येतो तेव्हा.

आणि कुणी प्रकाशक आलाच, तर हुरळून मूळ फायली देऊन बसू नकोस. हक्क कोणत्या भाषेचे, किती वर्षांसाठी, चित्रं पिशव्यांवर-मगांवर छापायची मुभा कुणाला, हे कागदावर हवं. मूळ चित्रं तुझ्याकडेच राहतील, हेही. करार आला की सही करण्याआधी मला पाठव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.